कळसाचा दगड कोणी बसवायचा?

(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



हीरक महोत्सवाच्या प्रसंगी शाळेच्या साठ वर्षांच्या यशाची यादी वाचली जाते, आणि ते उचितच आहे. परंतु शाळेतून बाहेर पडलेला विद्यार्थी पुढे ज्या कसोट्यांना सामोरा जातो, त्यांतील एखादी कसोटी जवळून पाहिली, तर शाळेने आणि घराने त्याच्यात काय पेरायला हवे होते, हे अधिक स्पष्टपणे दिसते. आजच्या भाषणासाठी अशीच एक कसोटी निवडली आहे. पर्यावरण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी शेवटच्या वर्षी गटाने करावयाचा संकल्पन-प्रकल्प, हा आजचा विषय.

या प्रकल्पाला महाविद्यालयांत ‘कॅपस्टोन प्रकल्प’ म्हणतात. दगडी भिंत बांधून झाली की तिच्या माथ्यावर जी शेवटची शिळा बसवतात, ती कॅपस्टोन. मराठी माणसाला येथे साहजिकच ‘कळस’ हा शब्द आठवतो. मात्र भिंतीच्या माथ्यावरची शिळा केवळ शोभेसाठी नसते. पावसाचे पाणी भिंतीत मुरू न देणे आणि खालच्या दगडांना एकमेकांशी धरून ठेवणे, हे तिचे काम. ही शिळा नीट बसली नाही, तर उत्तम घडवलेले दगडही चार पावसाळ्यांत सुटे होतात.

अभियांत्रिकीचा विद्यार्थी तीन वर्षे वेगवेगळे दगड घडवीत असतो. जलविज्ञान वेगळे, रसायनशास्त्र वेगळे, सूक्ष्मजीवशास्त्र वेगळे, भूमापन वेगळे आणि खर्चाचे अंदाजपत्रक त्याहून वेगळे. प्रत्येक विषयाच्या प्रश्नपत्रिकेत आवश्यक ती माहिती दिलेली असते, पद्धत ठरलेली असते आणि उत्तर एकच असते. शेवटच्या वर्षी मात्र चार-पाच जणांचा गट करून त्यांच्यापुढे एक खरी जागा ठेवली जाते आणि सांगितले जाते, ‘येथील पाण्याचा प्रश्न सोडवणारा आराखडा तयार करा.’ माहिती दिलेली नसते. ती मिळवावी लागते. उत्तरे अनेक असतात. त्यांतून निवड करावी लागते. आणि ती निवड का केली, हे अनुभवी परीक्षकांपुढे, शक्य झाल्यास त्या जागेच्या रहिवाशांपुढेही, सांगावे लागते.

अभियांत्रिकी शिक्षणात या प्रकल्पाला उगीच महत्त्व दिलेले नाही. जून २०१४ मध्ये भारत ‘वॉशिंग्टन करार’ या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचा पूर्ण सदस्य झाला. ‘नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशन’ या संस्थेने मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमांची पदवी इतर सदस्य देशांत समकक्ष मानली जावी, यासाठीची ही व्यवस्था. या संस्थेने पदवीधराकडून ज्या अपेक्षा नोंदवल्या आहेत, त्यांत गणित आणि विज्ञान आहेच. पण गटात काम करणे, आपले म्हणणे समजावून सांगणे, व्यावसायिक नीती पाळणे, खर्चाचे आणि वेळेचे नियोजन करणे याही अपेक्षा आहेत. तीन तासांच्या लेखी परीक्षेत यांतले फारसे काही तपासता येत नाही. ते तपासण्याची मुख्य जागा म्हणजे हा प्रकल्प.

हे सारे हवेत राहू नये म्हणून एक प्रत्यक्ष जागा डोळ्यांसमोर आणू. दक्षिण दिल्लीतील मुनिरका. महाराष्ट्रातून उच्च शिक्षणासाठी दिल्लीला गेलेल्या अनेकांना हे नाव परिचित आहे. दक्षिणेला जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, पूर्वेला आयआयटी दिल्ली, उत्तरेला रामकृष्णपुरम आणि पश्चिमेला वसंत विहार. या सर्वांच्या मधोमध एक जुने गाव शहराने वेढले गेले. शेती गेली, गावठाण राहिले. आणि त्या गावठाणात आज अरुंद गल्ल्यांच्या दोन्ही बाजूंना चार-चार, पाच-पाच मजल्यांची घरे उभी आहेत. त्यांत देशाच्या सर्व कोपऱ्यांतून आलेले विद्यार्थी आणि नोकरदार भाड्याने राहतात.

या परिसराचा पाण्याशी संबंध फार जुना आहे. रामकृष्णपुरमच्या सेक्टर ५ मध्ये लोदीकालीन घुमटांच्या सान्निध्यात ‘मुनिरका बावली’ नावाची पायऱ्यांची विहीर अजून आहे. मुनिरकापासून दोन-तीन किलोमीटरवर हौज खासचे तळे आहे. अल्लाउद्दीन खिलजीने आपल्या सिरी या नगरीसाठी ते खोदवले. पुढे त्यात गाळ साचला, पाणी येण्याच्या वाटा बुजल्या. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने तो गाळ काढून त्या वाटा मोकळ्या केल्या आणि काठावर मदरसा बांधला. म्हणजे जलाशय बांधण्याइतकेच तो राखणेही महत्त्वाचे असते, हा धडा या भूमीने साडेसहाशे वर्षांपूर्वीच गिरवला होता. विसाव्या शतकात भोवतालच्या वसाहती वाढल्या, पाणलोट तुटला आणि तळे कोरडे पडले. या शतकाच्या पहिल्या दशकात ते पुन्हा भरण्यात आले, ते मात्र पावसाच्या पाण्याने नव्हे. वसंत कुंजच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातले शुद्ध केलेले पाणी संजय वनातून फिरवून या तळ्यात आणले गेले.

येथे पर्यावरण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने थांबून विचार करावा अशी एक गोष्ट घडली. तळे भरले, पण पाणी हिरवे झाले, शेवाळ माजले. याचे कारण समजण्यासारखे आहे. सांडपाणी शुद्ध झाले की नाही, हे प्रामुख्याने बीओडी या मापाने ठरवतात. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना सूक्ष्मजीव किती ऑक्सिजन वापरतात, त्याचे हे माप. हे माप मर्यादेत आले तरी पाण्यात नत्र आणि स्फुरद शिल्लक राहू शकतात. शेतकऱ्याला ही दोन्ही खते म्हणून ओळखीची आहेत. साचून राहणाऱ्या तळ्यात हे खत शेवाळाच्या कामी येते. नियमाची पूर्तता झाली तरी उद्देश सफल झालाच असे नाही, हे एवढ्या स्पष्टपणे दाखवणारा फळा दुसरा मिळणे कठीण. पुढे या तळ्यात पाणवनस्पतींचे तरंगते वाफे सोडण्यात आले. त्यांची मुळे पाण्यातील ही पोषक द्रव्ये शोषून घेतात.

तसेच दुसरे उदाहरण संजय वनाला लागून असलेल्या नीला हौजचे. सांडपाण्याने आणि राडारोड्याने या जुन्या जलाशयाची दुर्दशा झाली होती. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांचे सहकारी यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे कृत्रिम पाणथळ निर्माण करण्यात आली. सांडपाणी आधी संथ होऊन त्यातील गाळ खाली बसतो, मग ते दगडगोट्यांतून आणि पाणवनस्पतींच्या मुळांतून झिरपत पुढे जाते. दगडांवर आणि मुळांवर वाढणारे सूक्ष्मजीव त्यातील घाण खातात. नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेने विकसित केलेली ‘फायटोरिड’ पद्धतही याच तत्त्वावर चालते. आपल्या परसातील कर्दळीसारखी झाडे या कामात उपयोगी पडतात, हे सांगितले तर अनेक गृहिणींना नवल वाटेल.

आता समजा, पाच विद्यार्थ्यांच्या एका गटाला मुनिरका गावठाणाच्या एका भागातील सांडपाणी शुद्ध करून जवळच्या झाडांसाठी किंवा तळ्यासाठी वापरण्याचा आराखडा करण्यास सांगितले. प्रारंभीचा हिशेब सोपा आहे. त्या भागाची लोकसंख्या ५,००० धरली. दर माणशी दररोज १३५ लिटर पाणीपुरवठा धरला. त्यातील ८० टक्के पाणी सांडपाणी म्हणून बाहेर पडते असे धरले. म्हणजे दर माणशी १०८ लिटर आणि एकंदर दिवसाला ५,४०,००० लिटर. घरगुती सांडपाण्याचा बीओडी साधारणपणे लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. तो २५० धरला आणि १० पर्यंत उतरवायचा ठरवला, तर ९६ टक्के घाण काढावी लागेल. येथवर दहावीचा चांगला विद्यार्थीही पोहोचू शकेल.

अडचण यापुढे सुरू होते. पाणथळ पद्धतीला दर माणशी ढोबळमानाने एक ते दोन चौरस मीटर जागा लागते. म्हणजे ५,००० माणसांसाठी सव्वा ते अडीच एकर. ज्या गावठाणात दोन घरांमधून हातगाडी जाणे मुश्कील, तेथे अडीच एकर कोठून आणायची? यंत्राने हवा पुरवून सूक्ष्मजीव वाढवण्याच्या पद्धतीला जागा फार थोडी लागते. पण हवेची यंत्रे अहोरात्र चालवावी लागतात, विजेचे बिल दरमहा येते आणि यंत्र बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस हाताशी लागतो. जागा वाचवावी तर वीज लागते, वीज वाचवावी तर जागा लागते. येथे पुस्तकाच्या शेवटी उत्तर छापलेले नसते. कोणत्या गोष्टीची किंमत कोणी मोजायची, हे ठरवावे लागते आणि त्या ठरवण्याची जबाबदारी घ्यावी लागते.

त्याहून मोठी अडचण पहिल्याच आकड्यात लपलेली असते. लोकसंख्या ५,००० हे कोणी सांगितले? कागदोपत्री नोंदींवरून काढले असेल, तर त्या नोंदींत भाडेकरू बहुधा नसतात. ज्यांची मतदार म्हणून नोंद त्यांच्या मूळ गावी आहे, असे विद्यार्थी, परिचारिका, दुकानांतील कामगार मुनिरकाच्या खोल्यांत राहतात, अंघोळ करतात, कपडे धुतात. गटातील एखादी विद्यार्थिनी भल्या सकाळी त्या गल्ल्यांतून फिरली, गच्चीवरच्या टाक्या आणि जिन्याखालचे वीजमीटर तिने मोजले, घरमालकांशी आणि भाडेकरूंशी बोलली, आणि तिच्या लक्षात आले की माणसे ५,००० नसून ६,५०० आहेत, तर सांडपाणी सात लाख लिटरांच्या वर जाते. टाकीचे आकारमान बदलते, नळाचा व्यास बदलतो, यंत्राची क्षमता बदलते, खर्च बदलतो.

गटकार्याची खरी परीक्षा या क्षणी होते. एकाने जुन्या आकड्यावर टाकी काढली आहे, दुसऱ्याने त्याच आकड्यावर अंदाजपत्रक केले आहे, सादरीकरण आठवड्यावर आले आहे. अशा वेळी ‘आता राहू दे, कोणाला कळणार आहे?’ असे म्हणणारा एक सूर प्रत्येक गटात निघतो. त्या सुराला नम्रपणे पण ठामपणे ‘नाही’ म्हणणारा एक जण हवा; आणि ‘चला, पुन्हा करू’ म्हणून रात्री जागणारे चौघे हवेत. कारण हा आराखडा प्रत्यक्षात उतरला आणि टाकी लहान पडली, तर ओसंडलेले सांडपाणी गल्लीतल्या सर्वात खालच्या घराच्या उंबऱ्यात येईल. त्या घरात कोण राहत असेल, हे सांगायला अभियंता व्हावे लागत नाही.

म्हणूनच चांगली महाविद्यालये या प्रकल्पाचे गुणांकन केवळ अंतिम अहवालावर करीत नाहीत. प्रत्येकाने कामाची रोजनिशी ठेवायची असते. कोणत्या बैठकीत काय ठरले, कोणता आकडा का बदलला, याची नोंद करायची असते. गटातील सदस्य एकमेकांच्या कामाचे मूल्यमापन करतात. तोंडी परीक्षेत परीक्षक टाकी काढणाऱ्याला खर्च विचारतात आणि खर्च काढणाऱ्याला टाकी. ज्याला फक्त आपला तुकडा येतो, त्याने गटात काम केलेले नसते. त्याने एकाच वहीत शेजारी बसून लिहिलेले असते.

या व्यवस्थेत एक मोठे छिद्र आहे, आणि त्याबद्दल या व्यासपीठावरून स्पष्ट बोलले पाहिजे. अनेक शहरांत तयार प्रकल्प विकत मिळतात. अहवाल, आकृत्या, सादरीकरण, सारे बांधून हाती पडते. नावे बदलायची आणि सही करायची. जेथे विकत घेतले जात नाहीत, तेथेही एकाने राबायचे आणि चौघांनी सह्या करायच्या, हा प्रकार सर्रास चालतो. बावीस वर्षांच्या मुलाला यात काही गैर वाटत नाही, याचे नवल करण्यापूर्वी ही सवय त्याला कोठे लागली, ते पाहावे. थर्मोकोलचे धरण, चकचकीत कागदाचे वनीकरण, दुकानातून आणलेला ज्वालामुखी या वस्तू शालेय प्रदर्शनांत सर्वत्र दिसतात. त्यांतील कितींना मुलांचा हात लागलेला असतो आणि किती आई-वडिलांच्या रात्रीच्या जागरणातून किंवा बाजारातून आलेल्या असतात, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ‘जलसंधारण’ या विषयावर थर्मोकोलची प्रतिकृती करावी आणि ती दुसऱ्या दिवशी नाल्यात टाकावी, यापेक्षा मोठा विरोधाभास कोणता? चौथीतल्या मुलाच्या प्रकल्पावर पालकाचा हात फिरतो, तेव्हा प्रेमापोटीच फिरतो. पण त्या प्रेमातून मूल इतकेच शिकते की प्रकल्प ही करण्याची नव्हे, देण्याची वस्तू आहे. शेवटच्या वर्षी अहवाल विकत घेणारा तरुण हाच धडा पुढे गिरवीत असतो.

याच्या उलट, प्रकल्प खरोखर करण्याची परंपराही या देशात, आणि विशेषतः महाराष्ट्रात, उभी राहिली आहे. आयआयटी मुंबईत १९८५ पासून ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचा विचार करणारे ‘सितारा’ हे केंद्र आहे. प्रा. मिलिंद सोहोनी आणि त्यांचे सहकारी यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील विद्यार्थ्यांनी कर्जत, शहापूर, मोखाडा यांसारख्या तालुक्यांत जाऊन नळपाणी योजनांचा अभ्यास केला. मुंबईला पाणी देणाऱ्या डोंगरांच्या कुशीतील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट का पाहावी लागते, हा त्या अभ्यासामागचा प्रश्न. अशा योजना कागदावर बहुधा निर्दोष असतात. पण नळ उताराने जातो, वरच्या गावात तोट्या उघड्या राहतात, दाब कमी होतो आणि शेवटच्या पाड्यावर पाणी पोहोचत नाही. हे समजण्यासाठी टाकीपासून शेवटच्या तोटीपर्यंत पायी चालावे लागते. नळयोजनेतील वाहिन्यांचे व्यास कमीत कमी खर्चात ठरवण्यासाठी आयआयटी मुंबईतच ‘जलतंत्र’ नावाचे संगणकीय साधन तयार झाले. मात्र कोणत्या घराला किती पाणी लागते, हे संगणकाला कोणीतरी विचारून येऊन सांगावे लागते.

२०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ सुरू केले. जिल्ह्याच्या प्रश्नांचा अभ्यास त्या जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी करावा आणि प्रशासनाने त्याचा उपयोग करून घ्यावा, ही त्यामागची कल्पना. त्याआधी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, केंद्र शासनाचे ‘उन्नत भारत अभियान’ सुरू झाले होते. उच्च शिक्षण संस्थांनी आसपासची गावे निवडून त्यांच्यासाठी काम करावे, असे त्याचे स्वरूप आहे. आणि त्याचे राष्ट्रीय समन्वयन आयआयटी दिल्लीकडे, म्हणजे मुनिरकाच्या अगदी शेजारी आहे. ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ ही म्हण अभियांत्रिकी शिक्षणाला फार काळ लागू होती. घराजवळचा नाला ओलांडून विद्यार्थी महाविद्यालयात येत आणि परदेशी पुस्तकातील नाल्याचे गणित सोडवत. या दोन्ही अभियानांनी तो वळसा थोडा तरी कमी केला आहे.

येथे मराठी माध्यमाचा प्रश्न येतो, आणि तो पालकांच्या मनात सतत असतो. मराठीत शिकलेले मूल अभियांत्रिकीच्या वर्गात मागे पडेल का? इंग्रजीतील पहिल्या सत्राची दमछाक खरी आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही. गटप्रकल्पातही एक अन्याय नकळत घडतो. ज्याचे इंग्रजी अस्खलित, तो सादरीकरणाला उभा राहतो. मराठी शाळेतून आलेली मुलगी आकडेमोड करून मागच्या बाकावर बसते आणि गटाचे यश बोलणाऱ्याच्या नावावर जमा होते. जाणता मार्गदर्शक या भूमिका आलटून पालटून करायला लावतो. ते त्याने करावे, असा आग्रह विद्यार्थ्यांनीही धरला पाहिजे.

पण या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. मोखाड्याच्या पाड्यावर जाऊन ‘पाणी येते का?’ असे विचारले, तर ‘येते’ असे उत्तर मिळते आणि पाहुणा समाधानाने परततो. ‘किती वाजता येते? किती हंडे भरतात? रांगेत शेवटी कोण उभे राहते? नळ गेला की कोणत्या विहिरीवर जाता? तेथे जायला किती वेळ लागतो?’ असे विचारले, तर त्या बाईच्या तोंडून अख्ख्या योजनेचे मोजमाप बाहेर पडते. हे प्रश्न तिच्या भाषेत, तिच्या ओसरीवर बसून, तिला ‘मावशी’ म्हणून विचारावे लागतात. त्यासाठी लागणारी भाषा मराठी शाळेतून आलेल्या विद्यार्थ्याकडे आधीच असते. दिल्लीच्या गल्लीत तीच गोष्ट हिंदीला लागू पडते. लोकांची भाषा हे या शास्त्रातील एक उपकरण आहे. दाबमापक आणि पातळीमापक यांच्या जोडीचे. २०२१ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याची वाट खुली केली आहे. ती वाट रुंद व्हायला वेळ लागेल. तोवर इंग्रजीत अहवाल लिहिणारा आणि मराठीत प्रश्न विचारणारा अभियंता घडवणे, हे शाळेच्या आवाक्यातील काम आहे.

ते कसे करावे? याचे उत्तर खर्चिक नाही. महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमात नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हा विषय आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्णयानंतर पर्यावरण शिक्षणाला देशभर अभ्यासक्रमात स्थान मिळाले आहे. म्हणजे चौकट तयार आहे. तिच्यात खरे काम भरायचे आहे. पाच मुलांच्या गटाने शाळेच्या नळांतून दिवसाला किती पाणी गळते, ते बादली आणि घड्याळ घेऊन मोजावे. एका तोटीखाली एका मिनिटात किती थेंब पडतात आणि किती थेंबांचे एक पेलाभर पाणी होते, हे मोजले की पुढचे त्रैराशिक त्यांना येतेच. शाळेच्या छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर दर चौरस मीटरला एक लिटर पाणी मिळते. छपराचे क्षेत्रफळ मुलांनीच काढावे. मोजलेले आकडे वहीत लिहावेत, चुकलेले आकडे खोडून न टाकता शेजारी नवे लिहावेत, आणि शेवटी मुख्याध्यापकांपुढे उभे राहून सांगावे: कोणती तोटी आधी बदलावी आणि का. प्रत्येकाने बोलावे. प्रतिकृती नको, थर्मोकोल नको, रंगीत मुखपृष्ठ नको.

पालकांकडून अपेक्षा एकच, पण ती अवघड आहे. मुलाचा प्रकल्प त्याच्या हातून वेडावाकडा होऊ द्यावा. अक्षर बिघडेल, चिकटपट्टी सुटेल, गुण दोन कमी मिळतील. ते दोन गुण पुढे मिळवता येतील. पण स्वतः केलेल्या कामाखाली सही करण्याची सवय पुढे सहजासहजी लागत नाही. गटात आपल्याच मुलाने सगळे काम केले अशी तक्रार घेऊन शाळेत येण्यापूर्वी, त्याला इतरांना कामात ओढून घेता का आले नाही, हेही त्याला घरी शांतपणे विचारावे. एकट्याने पूल बांधणारा अभियंता अजून जन्मलेला नाही.

माजी विद्यार्थ्यांकडून अपेक्षा निराळी आहे. या शाळेतून बाहेर पडलेले कोणी नगरपालिकेत आहेत, कोणी कारखान्यात, कोणी शेती करतात, कोणी गृहनिर्माण संस्थेचे सचिव आहेत. प्रत्येकापाशी पाण्याचा, कचऱ्याचा, धुराचा एखादा खरा प्रश्न आहे. हीरक महोत्सवासाठी देणगी द्यावीच. पण त्यासोबत एक प्रश्नही द्यावा. वर्षातून एक दिवस मुलांच्या गटापुढे बसावे, त्यांचे म्हणणे ऐकावे, आणि जवळच्या माणसालाही विचारायला कठीण वाटेल असा प्रश्न त्यांना विचारावा: ‘हा आकडा तुम्ही कोठून आणला?’ ज्या मुलाला या प्रश्नाचे खरे उत्तर देता येईल, ते पुढे कोठेही गेले, मुनिरकाच्या गल्लीत किंवा मोखाड्याच्या पाड्यावर, तरी तेथील माणसांच्या उंबऱ्यात घाण पाणी शिरू देणार नाही.